गेट पडलेलंच राहिलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

सामान लागलं एकदाचं. एक कपाट, दोन ट्रंका, गॅस, प्रांजलची सायकल आणि नवऱ्याची, वीरधवलची, मिलिटरीची पेटी, एवढ्यावरच खोल्या भरल्या. पण अंगणात शेवगा आहे, मागं ऐसपैस मोरी आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट रेल्वेचं गेट दिसतं. भाकरी थापता थापता गाडी बघता येईल. प्रांजल आल्यापासून ती खिडकी सोडत नाही.

माझं आधीचं गेट कराडजवळच्या उसाच्या फडांमधलं. तिथं दिवसभरात मेंढरांचा एखादा कळप आणि शाळेतून परतणारी पोरं, संपलं. हे मळा गेट म्हणजे जत्रा आहे. विश्रामबागच्या पुढं पूर्वी भाजीचे मळे होते, तिथं आता सोसायट्या उभ्या राहिल्यात. मळ्याचं फक्त नाव उरलंय. गेट पडलं की दोन्हीकडं उसाच्या ट्रॉल्या, कॉलेजच्या पोरींच्या स्कूटी, शाळेच्या रिक्षा, आणि सगळ्यांच्या आधी घुसायचं असलेला एक तरी बुलेटवाला. गाडीकडं कुणी बघत नाही. सगळे माझ्याकडं बघतात, जणू गेट मी माझ्या हौसेनं पाडलंय.

केबिनच्या पाटीवर पेंटरनं माझं नाव घातलं: गेटमन, क्रांती मोहिते. बाई असले तरी हुद्दा गेटमनच. प्रांजलला याचं फार हसू येतं.

गेटाला लागूनच मंगलचा चहा-वड्याचा गाडा आहे. तिनं पिठलं-भाकरी आणून दिली आणि वर टोमणा, आलीस व्हय बाई, आमचं गेट बंद करायला! खरंच आहे. उड्डाणपूल होत आलाय. महिनाअखेरीला गेट कायमचं बंद होणार आणि मला पुन्हा बदली. तोवर का होईना, लेकीची शाळा हाकेच्या अंतरावर आहे, रुळांच्या पलीकडं. मधल्या सुट्टीतला गलका केबिनमध्ये ऐकू येतो. पहिलीतली पोर, पण आज एकटी गेली. पलीकडं पोचून तिनं मला हात केला.

वीरधवलचा फोन आला. त्याच्या चौकीवर बर्फ पडायला लागलाय. मी त्याला फोनमधून शेवगा दाखवला.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

माझ्यानंतरची पाळी केरबाअण्णांची. याच महिन्यात निवृत्त होणार. बोलणं कमी, पान जास्त. आज त्यांनी मला इथल्या खोडी सांगितल्या: दांडे उचलायचं चक्र फिरवताना डावीकडचा दांडा जरा अडकतो, तिथं घाई करायची नाही.

त्यांची एक गंमत पाहिली. गाडी गेली, स्टेशनवरून गेट उघडायचा नंबर मिळाला, दांडे वर गेले की ते केबिनच्या पायरीवर येतात आणि रस्त्याकडं तोंड करून मोठ्यानं हाक देतात, उघाडलं रं, या! तोवर बुलेटवाले त्यांच्या अंगावरून निघून गेलेले असतात. दुपारी रस्ता मोकळा होता, कुत्रंही नव्हतं, तरी हाक दिलीच. मी हसले तर म्हणाले, सवय हाय पोरी. माझ्या आधीचा बी द्यायचा, मी बी देतो. मंगल गाड्यावरून ओरडली की अण्णांना वाटतंय अजून म्हशीच राखतोय. अण्णाही हसले. प्रांजल संध्याकाळभर घरात ओरडत होती, उघाडलं रं, या!


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज एक चमत्कारिक गोष्ट पाहिली.

गेट उघडल्यावर काही माणसं जातच नाहीत. दिवसाढवळ्या, गर्दीच्या मधोमध. हिरव्या लुगड्यातली एक बाई, पोटाशी हात धरलेली. धोतरातला एक माणूस, एका पायावर भार देऊन उभा. आणखीही कुणीकुणी. ट्रॉल्या जातात, रिक्षा जातात, ही माणसं तिथंच. गेट उघडं असताना गेटाकडं बघत उभी.

मी खाली जाऊन म्हणाले, जावा की, उघडलंय. ऐकलं नाहीसं वाटलं. मग कुणास ठाऊक का, पायरीवर आले आणि अण्णांसारखी हाक दिली, लाजतच. शेजारच्या स्कूटीवाल्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्यांच्याकडं बघून मान वळवली तेवढ्यात रस्ता रिकामा. कधी गेली, कळलं नाही.


शनिवार, १५ नोव्हेंबर

मंगलला विचारलं. ती वडे तळत होती, हात थांबला नाही. म्हणाली, दिसली व्हय तुला? मला वाटलं तुमी साताऱ्याकडच्या, तुमास्नी दिसायची न्हाईत.

हिरव्या लुगड्यातली बाई मळ्यातली. बाळंतपणाला अडली म्हणून जीपमध्ये घालून निघाले, इथं गेट पडलेलं. मालगाडी सिग्नलला उभी राहिली ती हलेचना. धोतरवाल्याला पान लागलं होतं, पायाला साप चावलेला, तोही इथंच, खाटेवर. गेट पडलेलं असताना जे गेले, ते गेटावर राहिले. मंगलनं हे अशा सुरात सांगितलं, जसं कुणी कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडाबद्दल सांगावं. त्यांचं काय न्हाई गं. गेटवाल्यानं हाक मारली की जात्यात, गेट पडलं की परत येत्यात. तू बी मारत जा. लाजतीस कशाला?

भीती वाटायला हवी होती, पण वाईटच वाटलं. आपल्या शब्दावर कुणी थांबलंय, इतकंच ना. आता दर वेळी हाक देते. लाज गेली. प्रांजल शाळेला जाताना त्या बाईला टाटा करते. तिला ती सगळ्यांसारखीच एक काकू वाटते.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज गेट बंद झालं. सकाळपासून मांडव, फ्लेक्स, ताशा. पुलावर फीत, इथं नारळ. अण्णांची उरलेली रजा होती म्हणून ते आले नव्हते, मी एकटीच.

शेवटची गाडी गेली. नंबर मिळाला. मी चक्राला हात घातला तर ठेकेदाराच्या माणसानं अडवलं. दांडा खालीच राहू द्या मॅडम, फोटो घ्यायचाय, मग कटर लावू. मी म्हणाले, एकदा उघडते, मग काय ते करा. रेल्वेचे साहेब हसले. रस्ताच बंद झालाय, आता उघडून कुणाला सोडणार? मंगल गाड्यावरून ओरडली, आवं सायेब, एकदा उघडू द्या की तिला, तुमचं काय जातंय! लोक हसले.  खरं कारण कसं सांगायचं?

गेट पडलेलं असतानाच गॅस कटर लावला. ठिणग्या उडाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दांडे ट्रकमध्ये गेले. सगळे पुलाकडं वळले. मी पायरीवर येऊन जीव खाऊन हाक दिली. ताशात मलाच ऐकू आली नाही. ताशा थांबल्यावर पुन्हा दिली, पुन्हा दिली.

ती माणसं हलली नाहीत. आडवं काहीच उरलं नव्हतं, तरी हलली नाहीत. सगळी माझ्याकडं बघत होती.


सोमवार, १ डिसेंबर

दोन्हीकडं भिंत झाली. बदलीची ऑर्डर येईपर्यंत मी भिंतीची राखण करायची, कुणी फोडू नये म्हणून. लोकांनी ती आधीच फोडलीय. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. पुलावरून शाळा फार लांब पडते. मी प्रांजलला रिक्षा लावली आणि फटीतून यायचं नाही म्हणून शपथ घातली.

ती माणसं भिंतीपाशी आहेत. मी रोज हाक देते, नुसतीच. मंगलचं गिऱ्हाईक सगळं पुलावरून जातंय, ती गाडा हलवायच्या विचारात आहे. तीही आता त्या बाजूला बघत नाही. म्हणाली, पैल्यांदा अशी बघत नव्हती गं ती. आता मागायला आल्यावानी बघत्यात.


गुरुवार, ४ डिसेंबर

रिक्षा आली नाही. पोरं फटीतून आली, एकेक करून. प्रांजल आली नाही.

मी फटीतून पलीकडं धावले. जुन्या रस्त्यावर, भिंतीपाशी ती त्यांच्या रांगेत उभी होती. दप्तर पाठीला. उजवा हात जरासा वर, कुणी बोटाला धरल्यासारखा. शेजारी हिरवं लुगडं.

मी ओढली तर पाय उचलेना. रडत नव्हती, शांत होती. म्हणाली, काकू म्हणतात थांब, गेट पडलंय. मी सांगितलं, गेटच नाही आता, बघ. तिनं बघितलं आणि पुन्हा म्हणाली, पडलंय की.

माझ्या तोंडून निघालं, उघडलं, चल.

लगेच चालायला लागली. हात खाली आला. घरी येऊन दूध प्याली, चित्र काढलं. 


शनिवार, ६ डिसेंबर

ती उंबऱ्यावर थांबते. मोरीच्या दारात थांबते. ताटावर बसते, घास हातात घेते आणि माझ्याकडं बघते. उघडलं म्हणाले की खाते. घास तोंडात गेला की गिळायला पुन्हा थांबते. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. उघडलं. मग गिळते.

मंगलनं म्हणून बघितलं, नाही. माझी सासू पाटणहून फोनवर म्हणाली, बये उघाडलं बघ, खा. नाही. वीरधवलला आधी खेळ वाटला. त्यानं फोनमधून मिलिटरीच्या आवाजात हुकूम सोडला. ती बापाकडं बघून गोड हसली आणि घास तसाच ठेवला. मग रजा टाकतो म्हणाला, पण खिंड बर्फानं बंद आहे, वर गेलेल्यांना खाली आणत नाहीत.

विश्रामबागच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळा बदलली म्हणून मनावर घेतलं असेल म्हणाले.


मंगळवार, ९ डिसेंबर

अण्णांना बोलावून घेतलं. ते आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि जुन्या ताकदीनं हाक दिली. कावळे उडाले. बाकी काही नाही. प्रांजलला जवळ घेऊन कानातही म्हणाले. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

म्हणाले, माझी ड्युटी संपली पोरी. गेट शेवटचं तुझ्या हातनं पडलंय. ते तूच उघडायचं. पण उघडाय गेट तर पायजे.

दांड्यांची चौकशी केली. भंगारात गेले, वितळलेसुद्धा असतील.

मग आम्ही एक खुळेपणा केला. मंगलनं मांडवाचे वासे आणले. अण्णांनी ते जुन्या रस्त्यावर आडवे बांधले, तांबडा कपडा लावला. मी ते दोरीनं ओढून वर केले आणि हाक दिली, उघडलं, या.

त्या माणसांनी वाशांकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. इतक्या समजुतीनं बघितलं की मला रडू फुटलं. पोरांनी खोटं खोटं जेवण वाढलं की मोठी माणसं बघतात, तसं. तेवढ्यात रेल्वेचे पोलीस आले आणि सगळं सोडून टाकायला लावलं.

अण्णा जाताना माझ्या पाया पडायला वाकले. मी धरलं त्यांना.


बुधवार, १० डिसेंबर

आज सकाळी वेणी घालताना लक्षात आलं की तिची पाठ हलत नाही. श्वास घेतलेला, सोडलेला नाही. आरशातून माझ्याकडं बघत होती. ओठ निळे व्हायला लागलेले.

उघडलं.

सोडला. पुढचा घेतला. थांबली.

उघडलं. उघडलं.


गुरुवार, ११ डिसेंबर. मिरज

दवाखान्यात. मंगल गाडा बंद करून सोबत आलीय. झोपेत ठीक असायची, आता झोपेतही थांबते. डोळे मिटलेले, तोंड माझ्याकडं.

डॉक्टर तरुण आहे, पूजा मॅडम. आधी मला बाहेर काढलं. काचेतून मी त्यांचा चेहरा बदलताना बघितला. धावत आल्या, आत ओढलं, म्हणाल्या, म्हणा, काय म्हणता ते म्हणा.

त्यांनी माझा आवाज फोनवर घेतला आणि लावला. माझाच आवाज, स्वच्छ. प्रांजलनं फोनकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत राहिली.

नर्सही आता माझ्याशी बोलत नाहीत, मध्ये थांबावं लागेल म्हणून. मी दोन श्वासांच्या मध्ये लिहिते. लिहिलं नाही तर डोळा लागेल.


शुक्रवार

आवाज बसत चाललाय. मंगल मध आणते, गरम पाणी आणते. म्हणते, तू नुसतं ओठ हलीव, पोरगी बघती की. हलवून बघितले. नाही. आवाज लागतो.

मशीन येतंय. दुसऱ्या वॉर्डातून, दुपारपर्यंत. नळी घालतील. मग श्वास मशीन सोडेल. पण मग काय थांबेल — पूजा मॅडमना विचारलं, मशीन लावल्यावर काळीज थांबून माझ्याकडं बघायला लागलं तर — त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

उघडलं सोना.

खिडकीतून रस्ता दिसतो. झाडाखाली माणसं उभी आहेत. नातेवाईक असतील. असतील — हिरवं — नको बघायला.

उघडलं.

तिला राग नाही त्यांचा. मलाही नाही. कुणीतरी उघडायला हवं होतं त्यांच्यासाठी. मी काय — माझ्या हातात चक्र होतं, एवढंच, आणि तेही —

उघडलं.


शुक्रवार, नंतर

मशीन लिफ्टपाशी आलंय म्हणाले. मॅडम आणायला गेल्या.

मंगलनं पाणी पाजलं. एक घोट. तोंडात आहे. जात नाही.

गिळता येत नाही. थुंकता येत नाही. ओठ उघडत नाहीत. मी कशाची तरी वाट बघतेय. मंगलकडं बघतेय. ती म्हणते काय झालं गं, काय झालं, गीळ की. पाठीत मारतेय. तिच्या म्हणण्यानं काही —

प्रांजलनं श्वास घेतलाय. घेतलेला आहे. माझ्याकडं बघतेय.

बोलता येत नाही. मंगल बाहेर धावली, ओरडतेय —

या वहीच्या मागच्या पानावर मोठं लिहिलं, उघडलं, आणि तिच्यापुढं धरलं. ती वाचतेय. बोट ठेवून वाचतेय, बाईंनी शिकवलंय तसं. उ. बोट सरकलं. घ. पुढच्या अक्षरावर, ड वर, थांबली. माझ्याकडं बघितलं. हे शाळेत अजून शिकवलेलं —

पुन्हा बोट ठेव, सोना, पुन्हा. तेच अक्षर. ओठ निळे. बोट आहे अजून पानावर, हलतंय थोडं, ते